इंजिन झकास, पण वळणाचं काय?

जुन्या मस्टँगला आजच्या रस्त्यावर शहाणं करायचं, तर खर्चाची सुरुवात बॉनेटखाली नाही, चाकांपाशी होते!

'बुलिट' पाहिलाय? १९६८चा सिनेमा. सॅन फ्रान्सिस्कोचे चढउतार, स्टीव्ह मॅक्वीन आणि उतारावरून अक्षरशः उडत जाणारी हिरवी मस्टँग. जवळपास अकरा मिनिटांच्या त्या पाठलागात सगळ्यांचे कान इंजिनाच्या गुरगुरीकडे लागलेले असतात. पण खरी गंमत पडद्यामागची. शूटिंगच्या आधी मॅक्स बालचॉवस्की या रेसिंगवाल्याने गाडीचं सस्पेन्शन चांगलंच दणकट करून दिलं होतं. थोडक्यात काय, हिरोच्या गाडीलाही उडी मारण्याआधी पाय मजबूत करावे लागले होते!

अमेरिकेत क्लासिक मसल कारचं वेड आजही जोरात आहे. डेट्रॉइटजवळ १९९५ साली सुरू झालेल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझचे फोटो तिकडे नोकरीला गेलेल्या एखाद्या मित्राने तुम्हालाही पाठवले असतील. या वेडातली कॉमन चूक एकच. हातात पैसे आले की आधी हॉर्सपॉवर वाढवायची. वळायचं कसं, हा प्रश्न मग पहिल्या वळणावर पडतो!

सरळ रस्त्याच्या राण्या

या गाड्यांचा जन्मच मुळी सरळ पळण्यासाठी झाला. १९६४च्या पाँटियाक जीटीओला अनेक जण पहिली मसल कार मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर, आणि ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली. जाणकार तिला 'पोनी कार' म्हणतात, पण व्ही-८वाल्या मस्टँगचं दुखणं तेच. खालचा सांगाडा फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कनचा, वजन नाकाकडे, मागे पाट्यांच्या कमानी आणि स्टिअरिंग इतकं संथ, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक साधारण साडेचार वेळा फिरवावं लागायचं. आजच्या बऱ्याच गाड्यांत हे काम तीनेक फेऱ्यांत होतं. समोर अचानक कुणी आलं, तर या फरकाची किंमत लगेच कळते.

सुरुवात बोअरिंग कामांनी

अपग्रेडची पहिली पायरी अजिबात ग्लॅमरस नाही. साठ वर्षांचे रबरी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, आयडलर आर्म हे सगळं आधी तपासा. स्टिअरिंगमधला निम्मा 'प्ले' बऱ्याचदा इथेच सापडतो. मग अलाइनमेंट. कंपनीचे जुने आकडे त्या काळातल्या बायस-प्लाय टायरसाठी होते. आज गाडीला रेडियल असतात. त्यांना जास्त पॉझिटिव्ह कॅस्टर लागतो, म्हणजे बाजूने पाहिलं तर चाकाचा स्टिअरिंगचा अक्ष वरच्या टोकाला थोडा मागे झुकलेला हवा. दोन-तीन अंश मिळाले तरी गाडी सरळ रेष धरते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं.

एका इंचाची जादू

१९६५-६६च्या मस्टँगचा सगळ्यात गाजलेला फंडा म्हणजे 'शेल्बी ड्रॉप'. नाव कॅरोल शेल्बीचं, पण आयडिया फोर्डचा इंजिनिअर क्लाउस आर्निंग याची. मूळ रचनेत गाडी वळणावर झुकली की बाहेरचं पुढचं चाकही बाहेर कलतं, टायर कडेवर येतो आणि पकड सुटते. उपाय काय? वरच्या कंट्रोल आर्मची जोडणी एक इंच खाली घ्यायची. त्यासाठी शॉक टॉवरमध्ये नवीन भोकं पाडायची, बस्स! चाक जास्त उभं राहतं आणि नाकही किंचित खाली येतं. १९६५च्या शेल्बी जीटी३५०मध्ये हेच केलं होतं. जुनी भोकं जागेवरच राहतात, त्यामुळे मागे फिरण्याचा रस्ताही खुला. एक मात्र सांभाळा. पुढची कॉइल स्प्रिंग दाबून काढावी लागते आणि ती सुटली तर जीव घेऊ शकते. योग्य कॉम्प्रेसर आणि अनुभवी हात नसतील तर तिच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे जाड अँटी-रोल बार. भरीव बारची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. पाऊण इंचाऐवजी एक इंचाचा बार टाकला की कडकपणा थेट तिपटीच्या वर! त्याच्या जोडीला चांगले शॉक अॅब्सॉर्बर हवेतच. आणि दोन्ही शॉक टॉवर बांधून ठेवणारी 'एक्स्पोर्ट ब्रेस' विसरू नका. परदेशातल्या खडबडीत रस्त्यांवर जाणाऱ्या मस्टँगना फोर्ड ही बसवायची, म्हणून हे नाव.

छातीसमोरचा भाला

आता स्टिअरिंग. इथे प्रश्न नुसता मजेचा नाही. १९६४ ते ६६च्या मस्टँगमध्ये स्टिअरिंगचा दांडा थेट पुढच्या गिअर बॉक्सपर्यंत एकसंध जातो. समोरून धडक बसली की तोच दांडा ड्रायव्हरच्या छातीकडे सरकतो. धडकेत दबणारे कॉलम अमेरिकन गाड्यांत १९६७च्या सुमारास येऊ लागले. दांडा किती मागे येऊ शकतो यावर सरकारी नियम १९६८मध्ये लागू झाला. म्हणूनच स्टिअरिंगवर पैसे घालणारच असाल, तर दबणारा कॉलम आधी आणि बाकी हौस नंतर.

हौसेचे पर्याय तीन. पहिला, मूळ बॉक्सच नीट करून १९:१ऐवजी १६:१चा गिअर बसवायचा. स्टिअरिंग चपळ होतं, पार्किंगमध्ये मात्र दंडाचा व्यायाम! दुसरा, आधुनिक पॉवर स्टिअरिंग बॉक्स. मस्टँगच्या जुन्या पॉवर सिस्टिमला रस्त्याची जाणीव कमी आणि तेल गळायची खोड जास्त, ती कटकट यात जाते. तिसरा, रॅक अँड पिनियन. ऐकायला एकदम कूल, पण किट नीट निवडलं नाही तर गाडीला वळायला जास्त जागा लागते किंवा खड्ड्यावर चाकं आपोआप वळतात. त्याला 'बम्प स्टिअर' म्हणतात.

कापायचं की जपायचं?

काही जण शॉक टॉवरच कापून १९७४च्या मस्टँग टूच्या धर्तीचं पुढचं सस्पेन्शन बसवतात. जागा मिळते, रॅक मिळतो, मोठं इंजिनही बसतं. पण मस्टँगला वेगळी चॅसी नसते. तो टॉवर गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे. वेल्डिंग कच्चं राहिलं तर सगळंच कच्चं, आणि एकदा कापलं की परत फिरणं महाकठीण.

पैशांचा हिशेबही बघा. 'बुलिट'मधली ती मस्टँग जानेवारी २०२०मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. कमिशन धरून ३७.४ लाख! तेही रंगरंगोटी न करता, जुन्या खुणांसकट. प्रत्येक मस्टँग काही 'बुलिट' नसते, पण दुर्मिळ मॉडेलला ग्राइंडर लावण्याआधी दहादा विचार करा. साध्या मॉडेलवर मात्र बिनधास्त प्रयोग करा. मार्च १९६६पर्यंतच दहा लाख मस्टँग बनल्या होत्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात.

लक्षात ठेवा

- क्रम असा: झिजलेले भाग, टायर आणि अलाइनमेंट, मग स्प्रिंग-शॉक-बार, मग स्टिअरिंग. हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी.
- एका वेळी एकच बदल करा. कशाने काय सुधारलं, हे त्याशिवाय कळत नाही.
- काढलेला प्रत्येक मूळ भाग लेबल लावून जपून ठेवा.
- ब्रेक विसरू नका. १९६६पर्यंतच्या मस्टँगला एकच ब्रेक सर्किट होतं. ते फुटलं की पेडल रिकामं!

सरळ रस्त्यावर गाडी पळवणं कुणालाही जमतं. साठ वर्षांची म्हातारी वळणावरून हसत बाहेर आली, तर खरी मसल!