कामाची लांब वाट



आमच्या मराठवाड्यांत उन्हाळी बांधकामाची खरी मुदत पाऊस ठरवितो. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधीं काम कसें उरकावें, याचें एक गणित आज आपणांपुढें मांडतों. १९५७ सालीं अमेरिकेंत मॉर्गन वॉकर व जेम्स केली यांनीं तें सिद्ध केलें. इंग्रजींत त्यास 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. आपण 'निर्णायक वाट' म्हणूं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या एखाद्या खेड्यांत शाळेची खोली १ एप्रिलपासून ६ जूनपर्यंत, म्हणजे ६७ दिवसांत, बांधावयाची आहे असें समजा. पायास २० दिवस, भिंतींस ३०, छपरास १५ व गिलाव्यास १० लागतात. सुतारास दारें-खिडक्यांसाठीं ४५ दिवस हवेत. तो पहिल्याच दिवशीं आरंभ करूं शकतो, मात्र गिलाव्यापूर्वीं त्याचें काम पुरें झालें पाहिजे.

सर्वांची बेरीज १२० होते. पण ती व्यर्थ आहे. पाया, भिंती, छप्पर व गिलावा ही एक वाट ७५ दिवसांची. सुतारकाम व गिलावा ही दुसरी ५५ दिवसांची. सर्वांत लांब वाट हीच कामाची मुदत. सुतारास २० दिवसांची सवड आहे. त्यास दुप्पट मजुरी देऊन घाई केली, तरी एक दिवसही वांचत नाहीं. उलट, जादा गवंडी लावून भिंती २० दिवसांत उभ्या केल्या, तर खोली ६५ दिवसांत पुरी होते.

आतां सुताराची सवड दहाच दिवस उरली. गवंडीकाम याहून दहा दिवसांपेक्षां अधिक घटविलें, तर सुताराचीच वाट लांब ठरेल. म्हणून प्रत्येक फेरबदलानंतर हिशेब पुन्हा करावा. शिवाय, सिमेंट पाणी पिऊन पक्कें होण्याचे दिवस माणसें वाढवून कमी होत नाहींत.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं झाली व उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं. अशा मातीच्या धरणांत नदीपात्रांतील भराव कोरड्या महिन्यांतच घालावा लागतो. तो हंगाम हुकला, तर महिन्याची दिरंगाई वर्षाची होते. आपल्या खोलीचेंही तसेंच आहे. छपराविना मृग आला, तर मुलांस पावसाळाभर दुसऱ्याच्या ओसरीवर बसावें लागेल.

म्हणून कुदळ उचलण्यापूर्वीं पाटी-पेन्सिल घ्यावी, कोणतें काम कोणावांचून अडतें तें लिहावें, आणि पैसा व माणसें लांब वाटेवरच खर्चावीं.