नऊ गड्यांच्या मोलाचा एक गडी

फुटबॉल म्हटले की आपल्यापुढे पायाने खेळायचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो बहुतेक वेळ असतो हातात. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चार प्रयत्नांत निदान दहा वार पुढे सरकायचे. न जमले तर चेंडू गेला दुसऱ्यांकडे. काखेत चेंडू मारून गर्दीतून धावत सुटणारा जो गडी, त्याला म्हणतात 'रनिंग बॅक'. आपल्या हुतूतूतला चढाई करणारा गडी डोळ्यांपुढे आणा. फरक असा, की इथे आडवा येणारा एकेक जण अडीच-अडीच मणांचा असतो आणि तो धावत येऊन आदळतो.

ऑली मॅटसन हा असा गडी. जन्म १९३० चा, टेक्सासमधल्या ट्रिनिटी गावी. वर्णाने काळा, त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट पदोपदी आडवी यायची. शिकला तो सॅन फ्रान्सिस्कोत. तिथल्या विद्यापीठाकडून १९५१ च्या हंगामात त्याने चेंडू घेऊन १,५६६ वार धाव काढली. त्या वर्षी देशातल्या कुठल्याच कॉलेजातल्या गड्याला एवढे साधले नाही. आणि तो नुसता धावतच नव्हता. फेकलेला चेंडू झेलायचा, समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू उचलून उलट मुसंडी मारायचा, आणि बचावाची पाळी आली की तिथेही उभा.

त्या हंगामात त्यांच्या संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. अशा संघाला हंगामाअखेर मानाच्या सामन्याचे बोलावणे येते, पैसाही मिळतो. पण दक्षिणेकडून निरोप आला तो अटीसकट: मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन काळ्या खेळाडूंना घरी ठेवा. बाकीच्या पोरांनी साफ सांगितले, येऊ तर सगळे येऊ. सामना गेला. विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च आधीच पेलत नव्हता. त्या हंगामानंतर त्यांनी संघच मोडला. म्हणजे नकाराची किंमत काय पडणार, हे त्या पोरांना ठाऊक नव्हते असे नाही.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, मॅटसन हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेला. हो, तेच हेलसिंकी, जिथे आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. मॅटसननेही ४०० मीटर धावण्यात कांस्यपदकच मिळवले. पुढे दोघे जमैकाचे, ऱ्होडन आणि मॅकेन्ली. चौघांच्या शर्यतीत तर अमेरिकेचा संघ जमैकाच्या मागे राहिला तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने, त्याचे रौप्यपदक.

परत येऊन तो शिकागो कार्डिनल्स या धंदेवाईक संघात दाखल झाला. मधले १९५३ साल सैन्यात गेले. संघ पडला कमजोर. मैदानात तो एकटा दहा कामे करायचा, म्हणून समोरचेही सगळे त्याच्यावरच तुटून पडायचे. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने त्याला घेतले. 'एकास नऊ' म्हणून हा सौदा आजही सांगितला जातो. तो घडवून आणणारे व्यवस्थापक पीट रोझेल हे पूर्वी मॅटसनच्याच विद्यापीठात क्रीडावार्ता पाहत असत, तेव्हा माल पारखून घेतला होता म्हणायचे! पण नऊ गडी देऊन बसल्यावर उरलेल्यांच्या जोरावर जिंकणेही कठीणच. रॅम्सना विजेतेपद मिळाले नाही, आणि चौदा हंगाम खेळून मॅटसनलाही कधी मिळाले नाही. १९७२ मध्ये त्याचे नाव फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात लागले.

२०११ मध्ये तो वारला. त्याआधी कित्येक वर्षे स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळून होता. मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू झिजवणारा आजार त्यात आढळला. प्रत्येक धक्का मोठा असावा लागतो असे नाही. लहान लहान धक्केही वर्षानुवर्षे साठत जातात, वरून जखम दिसत नाही. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत आता याविषयी कायदे आहेत. खेळताना डोक्याला मार बसल्याचा संशय आला, की शाळेतल्या मुलाला लगेच बाहेर काढायचे आणि जाणकाराने तपासून परवानगी दिल्याशिवाय पुन्हा मैदानात उतरवायचे नाही.