पत्रविद्येची पदवी आणि मगनवाडीची वाट

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले, तेव्हा त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचे बिऱ्हाड वर्धा शहरातील मगनवाडीतच राहिले. मगनवाडीहून शेगाव पाच-साडेपाच मैल. महादेवभाई सकाळी कागदपत्रे घेऊन पायी निघत, दिवसभर गांधीजींपाशी काम करीत आणि संध्याकाळी पायीच परत येत. वैशाखातले वर्ध्याचे ऊन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या वाटचालीचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. ‘हरिजन’ साप्ताहिकाची छपाई अन्यत्र होत असली, तरी त्यातील कितीतरी मजकूर या वाटेवरून आला. पुढे टपाल विदर्भातल्याच शेगावला जाऊ लागल्यामुळे या गावाचे नाव १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ झाले. नाव बदलले, पण अंतर तेवढेच राहिले.

त्याच वर्ध्याबाहेरच्या टेकड्यांवर आज महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभे आहे. १९७५ च्या जानेवारीत नागपुरास पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. वर्ध्याला असे विद्यापीठ व्हावे, हा त्या संमेलनातला ठराव. तो प्रत्यक्षात येण्यास दोन तपे लागली आणि संसदेच्या कायद्याने १९९७ मध्ये हे केंद्रीय विद्यापीठ अस्तित्वात आले. तेथे जनसंचाराचा स्वतंत्र विभाग असून पदव्युत्तर शिक्षणाची आणि संशोधनाची सोय आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यात महादेवभाईंनी पायपीट करून पत्रकारिता केली, त्याच जिल्ह्यात आता पत्रकारितेची उच्च पदवी मिळू शकते. ही गोष्ट भूषणावह आहेच. परंतु टेकडीवरची पदवी आणि खालची ती वाट यांची गाठ कोठे पडते काय, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. प्रश्न केवळ एका विद्यापीठाचा नाही. पत्रविद्येचे उच्च शिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो लागू आहे. वर्ध्यात तो अधिक टोकदारपणे उभा राहतो, इतकेच.

पत्रकार हा जन्मावा लागतो, तो वर्गात घडत नाही, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे पहिल्यापासून आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, टिळक-आगरकरांनी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू केला, त्यांच्यापाशी पत्रविद्येची कोणती पदवी होती, असा या वर्गाचा बिनतोड वाटणारा सवाल असतो. तो तसा बिनतोड नाही. जांभेकर गणितापासून इतिहासापर्यंत अनेक विषयांत पारंगत असलेले अध्यापक होते, आणि टिळक-आगरकर हे तर उच्च शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे. त्यांची पत्रकारिता शिक्षणावाचून उभी राहिली नव्हती. त्यांचे शिक्षण व्यापक होते आणि पत्रकारिता हे त्याचे उपयोजन होते. आज वृत्तपत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक तरुणापाशी ती पूर्वतयारी असते असे कोण म्हणेल?

अमेरिकेतही हाच वाद झाला. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने पत्रकारितेच्या विद्यालयासाठी कोलंबिया विद्यापीठाला मोठी देणगी देऊ केली, तेव्हा विद्यापीठ आरंभी राजी नव्हते. अखेर पुलित्झरच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये ते विद्यालय उघडले आणि १९३५ मध्ये केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी राखले गेले. त्याआधी चार वर्षे, १९०८ मध्ये, मिसुरी विद्यापीठाने आपले विद्यालय काढले. तेथील विशेष हा की, वर्ग ज्या दिवशी सुरू झाले, त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालवावयाचे दैनिकही निघाले. वर्ग आणि वृत्तपत्र यांत आधी-नंतर असा भेदच त्यांनी ठेवला नाही.

आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पृथ्वीपाल सिंग यांनी पत्रकारितेचा विभाग सुरू केला. विदर्भही या बाबतीत फार मागे नव्हता. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच रोलंड वूल्झली या अमेरिकन प्राध्यापकाच्या साहाय्याने पत्रविद्येचे शिक्षण सुरू झाले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ मधला आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मधली. वर्ध्याहून दीड-दोन तासांच्या अंतरावर असलेल्या नागपुराला ही परंपरा पाऊणशे वर्षांची आहे. शिक्षण असावे की नसावे, हा वाद म्हणूनच संपला आहे. शिक्षण कोणते, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

या प्रश्नाबाबत दोन्ही बाजूंची तक्रार सर्वपरिचित आहे. संपादक म्हणतात, पदवी घेऊन आलेल्या मुलाला संज्ञापनाचे सिद्धांत तोंडपाठ असतात, पण पंचायत समितीच्या सभेची दहा ओळींची बातमी लिहिता येत नाही. प्राध्यापक म्हणतात, विद्यापीठ ही काही बातमीदारांची शिकाऊ कर्मशाळा नव्हे. पदव्युत्तर शिक्षणाने विचार करावयास शिकवले पाहिजे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

नवल असे की, या भांडणाचे उत्तर वर्ध्यातच दिले गेले होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘वर्धा योजना’ देशापुढे आली. नयी तालीमचे मर्म पुष्कळांनी ‘मुलांना सूत कातायला लावणे’ एवढेच समजून घेतले. वस्तुतः तिचे म्हणणे निराळे होते. हातातला उद्योग हा शिक्षणाचा एक जादा विषय नसून, सर्व विषय ज्यातून शिकावयाचे असे ते माध्यम आहे. टकळी फिरवताना मुलाने गणित शिकावे, कापसावरून भूगोल शिकावा, आणि मँचेस्टरच्या कापडावरून इतिहास. काम आणि विचार अशी दोन दप्तरे वेगळी नाहीत, हा त्यातला सिद्धांत. प्राथमिक शाळांत ही योजना पुरतेपणी रुजली नाही, याची कारणे अनेक आहेत. परंतु पत्रविद्येइतके तिला अनुकूल असे दुसरे क्षेत्र शोधूनही सापडावयाचे नाही. मिसुरीने जे १९०८ मध्ये केले, ती एका अर्थी पत्रकारितेची नयी तालीमच होती. खुद्द गांधीजींच्या फिनिक्स आश्रमात ‘इंडियन ओपिनियन’चा अंक काढताना तेलावरचे इंजिन बंद पडले, तेव्हा संपादकापासून सुतारापर्यंत सर्वांनी रात्रभर चाक हाताने फिरवले होते.

वर्ध्याच्या विद्यार्थ्याला उदाहरणांसाठी फार दूर जावयाचे कारणही नाही. जानेवारी १९२३ मध्ये विनोबांनी येथूनच ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक काढले. उपनिषदांवरचे त्यांचे निबंध त्यात आले. पुढे ते साप्ताहिक झाले, आणि तुकोबांच्या अभंगांवरचे त्यांचे विवेचन त्यातून वाचकांपर्यंत गेले. बिजोलियाच्या शेतकऱ्यांचा लढा उभारणाऱ्या विजयसिंह पथिकांनी जमनालाल बजाज यांच्या साहाय्याने ‘राजस्थान केसरी’ हे पत्र काढले, तेही वर्ध्याहून. मेवाडच्या संस्थानी राजवटीत जे छापता येत नव्हते, ते छापण्यासाठी विदर्भातले हे गाव उपयोगी पडले. मगनवाडीतून अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा ‘ग्राम उद्योग पत्रिका’ चालवीत. घाणी, हातसडीचे तांदूळ, गूळ हे तिचे विषय. खेड्याचे अर्थशास्त्र खेड्यात बसून लिहावयाचे, असा तिचा बाणा होता.

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा धडाही याच जिल्ह्यात आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटले. चिमूरला त्यानंतर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्रा. भणसाळी यांनी नोव्हेंबरात उपोषण आरंभले. ते ६३ दिवस चालले. या उपोषणाची बातमी देण्यावर सरकारने बंदी घातली. तिचा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशनच बंद ठेवले. ‘दर्पण’च्या जन्माची तारीख आणि न निघालेल्या अंकांची तारीख एकच असावी, हा केवळ योगायोग. पण सहा जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो, तेव्हा या दुसऱ्या आठवणीचा उच्चार क्वचितच होतो. पदव्युत्तर वर्गात वृत्तपत्रविषयक कायदे कलमांच्या क्रमाने शिकवले जातात. ते सेवाग्रामच्या या एका प्रकरणावरून शिकवले, तर कलमेही अधिक लक्षात राहतील.

हा इतिहास झाला. वर्तमान अधिक कठोर आहे. हिंगणघाटच्या कापसाला एकेकाळी परदेशच्या बाजारात नाव होते. त्याच जिल्ह्याचा समावेश २००६ साली पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजात शेतकरी-आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांत करावा लागला. ३,७५० कोटी रुपयांचे ते पॅकेज होते. त्याच वर्षी मुंबईत एका फॅशन सप्ताहासाठी ५१२ पत्रकार नोंदले गेल्याचे, आणि तेथे मिरवला जाणारा कापूस पिकवणारे विदर्भात जीव देत असताना तिकडे फिरकणारे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याचे पी. साईनाथ यांनी निदर्शनास आणून दिले. त्यांच्या विदर्भवार्तांकनाची पुढे सर्वत्र दखल घेतली गेली. पण त्यातला बोचरा भाग निराळाच आहे. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर या आठही तालुक्यांत वार्ताहर होते आणि आहेत. मरणे त्यांना दिसत होती. ती ‘बातमी’ होण्यासाठी मात्र बाहेरून माणूस यावा लागला.

असे का व्हावे? तालुक्याचा वार्ताहर बहुधा शिक्षक, दुकानदार किंवा छोटा शेतकरी असतो. मानधन नाममात्र, आणि खरी प्राप्ती जाहिरातींच्या दलालीतून. ज्याच्याकडून जाहिरात आणावयाची, त्याच्याविरुद्ध तो लिहिणार कसा? त्याला गाव माहीत असते, सातबारा वाचता येतो, कोणत्या सावकाराचा कोणावर बोजा आहे हे तो सांगू शकतो. परंतु एका मरणामागून दुसरे मरण मोजावे, बँकेच्या कर्जवाटपाचे आकडे मागवावेत, कापसाच्या भावाशी ते ताडून पाहावेत, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. उलट, पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी हे सारे शिकतो. पण तो बिहारातून, उत्तर प्रदेशातून किंवा दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातून आलेला असतो. सातबारा त्याच्या भाषेत नसतो, आणि दोन वर्षे संपताच तो दिल्ली, नोएडा, पुणे किंवा मुंबईची गाडी धरतो. एकापाशी गाव आहे, दुसऱ्यापाशी विद्या आहे, आणि दोघे एकाच जिल्ह्यात राहून एकमेकांना भेटत नाहीत. त्यात नुकसान होते ते ज्याची बातमी लिहिली जात नाही त्याचे.

विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन, कधी कर्ज काढून त्याला शिकवलेले असते. त्याने नोकरीकडे पाहू नये, असे सांगण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. पण ज्या शिक्षणाने त्याला नोकरी मिळावयाची, तेच शिक्षण या जिल्ह्याच्या उपयोगी का पडू नये? प्रवेश घेतल्यापासून दोन वर्षे एकच गाव प्रत्येक विद्यार्थ्याकडे सोपवता येईल. त्या गावाची ग्रामसभा, रेशन दुकान, शाळा, विहिरी, कर्जे, कापसाची विक्री यांचा त्याने चार सत्रे माग काढावा, आणि संशोधन-प्रबंधही त्यातूनच उभा राहावा. त्यासाठी मराठी शिकावी लागेल. हिंदीच्या विद्यापीठाला यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली तीच मुळी भाषा जोडण्यासाठी. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला हिंदी-मराठी असे दुहेरी पत्र काढावे, ते त्या-त्या गावात वाचून दाखवावे, आणि चुकीची दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच जागी छापावी. ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासमोर उभे राहून आपली बातमी वाचणे, यासारखी दुसरी परीक्षा नाही.

याच्या जोडीला तालुक्याच्या वार्ताहरांसाठी सुट्यांतील छोटे वर्ग असावेत. त्यांनी कायदा, आकडेवारी आणि माहितीचा अधिकार शिकावा. बदल्यात त्यांनी विद्यार्थ्यांना गाव शिकवावे. दक्षिणा दोन्ही बाजूंनी द्यावयाची. यासाठी इमारत लागत नाही. गुण देण्याची पद्धत आणि अध्यापकांची तयारी मात्र बदलावी लागते, आणि तेच अधिक अवघड असते.

आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, घडलेले आणि न घडलेले दोन्ही क्षणात गावभर होते, आणि यंत्रे हुकमाबरोबर सफाईदार मजकूर लिहून देऊ लागली आहेत. अशा वेळी नुसते लिहिता येणाऱ्या पदवीधराची किंमत घटत जाणार, हे उघड आहे. जे यंत्राला करता येत नाही ते एकच: उठून जाणे, समोरच्याला विचारणे आणि डोळ्यांनी पाहून येणे. उच्च शिक्षणाने विद्यार्थ्याला काय पाहावे आणि काय विचारावे हे शिकवावे. जाणे मात्र त्याला स्वतःच करावे लागेल. मगनवाडीहून सेवाग्रामची वाट आजही तेवढीच आहे. आता तर ती डांबरीही झाली आहे.