माहिती चौकट : उजेडावरून रंगाचा अंदाज

• ल्युमा व क्रोमा : चित्रातील उजेडाची माहिती म्हणजे ल्युमा आणि रंगाची माहिती म्हणजे क्रोमा, ४:२:० या प्रचलित मांडणीत दर चार ल्युमा नमुन्यांमागे दोन्ही क्रोमा घटकांचा प्रत्येकी एकच नमुना साठवला जातो.

• सीसीएलएम : जुलै २०२० मध्ये पूर्ण झालेल्या एच.२६६ अर्थात व्हीव्हीसी या व्हिडिओ संकोचन मानकातील या पद्धतीत, आधी उलगडलेल्या ल्युमाला एका गुणकाने गुणून त्यात स्थिरांक मिळवला की क्रोमाचा अंदाज मिळतो, आणि हे दोन्ही आकडे डीकोडर शेजारच्या नमुन्यांवरून स्वतः काढतो.

• अडचण : आधीच्या प्रायोगिक आवृत्तीत हे दोन आकडे काढण्यासाठी न्यूनतम वर्ग पद्धत वापरली जाई, जिच्यातील अनेक गुणाकारांमुळे चिपवर जागा आणि वेळ दोन्ही खर्च होतात.

• सुलभीकरण : अंतिम मानकात जास्तीत जास्त चार शेजारी नमुने घेऊन अधिक ल्युमाच्या दोहोंची व कमी ल्युमाच्या दोहोंची सरासरी काढली जाते, त्या दोन बिंदूंतून रेषा आखली जाते आणि भागाकाराऐवजी १६ नोंदींचे कोष्टक वापरले जाते.

• उदाहरण : सरासरी ल्युमा ६२ व १८२ आणि त्यांचा क्रोमा अनुक्रमे ९२ व १५२ असल्यास गुणक ०.५ व स्थिरांक ६१ येतो, म्हणून १०० ल्युमासाठी क्रोमाचा अंदाज १११ ठरतो.

• फरक : २०१८ च्या एव्ही१ या दुसऱ्या व्हिडिओ संकोचन पद्धतीमधील ‘क्रोमा फ्रॉम ल्युमा’ पद्धतीत गुणक एन्कोडर ठरवतो व बिटप्रवाहातून पाठवतो, त्यामुळे डीकोडरला तो काढावा लागत नाही.