मायनस सुटण्याआधी

सकाळी ७:३०. आटगाव नाका, मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला. बॅटरीवाले भाऊ दुकानाचं शटर वर ढकलतात आणि लगेच चार पावलं मागे सरकतात. दुकानात रात्रभर तीन बॅटऱ्या चार्जिंगला होत्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तो बंद गाळ्यात साठतो. आधी वारा आत जाऊ द्यायचा, मग बटणाला हात लावायचा. गणपतीच्या फोटोला ते आत हार घालतात, पण अगरबत्ती बाहेर, पायरीजवळच्या वाळूच्या डब्यात खोचतात. विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकालाही तिथेच थांबवतात.

गाळा दहा बाय बारा. डाव्या भिंतीला चार्जर, खाली लाकडी फळीवर बॅटऱ्या. समोर नव्या बॅटऱ्यांची रांग, मागे जुन्यांचा ढीग. खिळ्याला टांगलेले पाने. त्यातला दहाचा पाना सगळ्यात जास्त झिजलेला. गाड्यांच्या टर्मिनलचा नट बहुतेक दहाचाच असतो.

८:१०. पोरगा येतो. एकोणीस वर्षांचा, जवळच्या पाड्यावरचा. रोजचे ३५० रुपये आणि दुपारचं जेवण. हातमोजे घालून तो रात्रीच्या बॅटऱ्या खाली घेतो, बूच उघडतो, हायड्रोमीटरने पाणी ओढतो. "बाराशे चाळीस, चाळीस, चाळीस, अकराशे ऐंशी." भाऊ वर न बघता म्हणतात, "चौथा सेल गेला." एक सेल साधारण दोन व्होल्टचा. सहा मिळून बारा. त्यातला एक बसला की बाकीच्या पाचांचा उपयोग नाही. मालक ट्रॅक्टरवाला आहे, त्याला फोन करून सांगायचं काम भाऊ स्वतः करतात. ऐन मे महिन्यात, पेरणी तोंडावर असताना, ही बातमी पोराच्या तोंडून जाऊ नये म्हणून.

९:४०. भाजीची पिकअप. पहाटे कल्याणच्या बाजारात भेंडी टाकून परत येतेय. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलंय, कारण तिकडून चौघांनी धक्का मारून चालू केलीय.

"शेठ, चालू गाडीतच बदला. बंद केली की परत धक्का."

"बंद कर."

"आधीच्या गाडीला असंच करायचो."

"आधीच्या गाडीला ईसीएम नव्हता."

या एका वाक्यात पंचवीस वर्षांचा फरक आहे. जुनं डिझेल इंजिन एकदा फिरलं की त्याला विजेची फारशी गरज नसे. बॅटरी काढून दुसरी बसवली तरी ते धडधडत राहायचं. आताच्या इंजिनात डिझेल किती, कधी सोडायचं ते ईसीएम, म्हणजे एक छोटा संगणक, ठरवतो. चालू गाडीत बॅटरी सोडली की अल्टरनेटरच्या विजेला जायला जागा उरत नाही. व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि तो झटका संगणकावर जातो. तो जळला तर बॅटरीच्या कित्येक पट पैसे. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. इंजिन थांबतं.

बॅटरी ६,८०० ची. जुनीचे १,३०० वजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय हे ड्रायव्हरला ठाऊक आहे आणि तो ते दोनदा सांगतो. भाऊ बिल पुढे करतात, त्यात अठराच लिहिलेत. बसवायचे वेगळे पैसे नाहीत. ते कुणीच देत नाही.

११:०५. फोन. तानसाच्या बाजूला एका गावात उपकेंद्रात सिस्टर आहेत. जुनी घेतलेली छोटी पेट्रोल गाडी आहे त्यांची. लग्नाला गेल्या होत्या, आठ दिवस गाडी उभी होती. आता सेल्फ मारला की नुसतं टिकटिक. आणि एक विनंती: "दादा, मागच्या खेपेला एकाने बॅटरी बदलली आणि टेप लॉक झाला. कोड मागत होता. काच आपोआप वर जायची बंद झाली. गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. तसं नको हो."

"नाही होणार," भाऊ म्हणतात.

मोटारसायकलवर पोरगा मागे. मांडीवर नवी बॅटरी, दहा किलोच्या आसपास, उभीच धरलेली. भाऊंच्या गळ्यात पिशवी. तिच्यात पाने, मीटर, आणि सुतळीने बांधलेला एक डबा. रस्ता अभयारण्याच्या जंगलातून जातो. सागाची पानं गळलेली. पुढे तानसाचं दगडी धरण, १८९२ साली पुरं झालेलं. तेव्हापासून मुंबई याचं पाणी पिते.

११:५०. गाडी आंब्याखाली. भाऊ मीटर लावतात. ११.६ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. उभ्या गाडीतही घड्याळ, लॉक, टेप, संगणक थोडी थोडी वीज खात असतात. नव्या बॅटरीला आठ दिवस काहीच नाहीत. ही चार वर्षांची आहे.

आता डबा उघडतो. मला बघायचं होतं ते हेच. आत अलार्मला वापरतात तसली छोटी बॅटरी, बारा व्होल्ट, सात ॲम्पिअर-अवर. तिच्यातून निघालेली लाल आणि काळी वायर, लाल वायरवर पाच ॲम्पिअरचा फ्यूज, आणि टोकाला सोळा पिनांचा प्लग. गाडीचा संगणक तपासायला मशीन जिथे लावतात, स्टीअरिंगच्या खाली, तिथे हा बसतो. सोळा नंबरच्या पिनेवर किल्ली बंद असतानाही बॅटरीचा प्लस असतो, चार नंबरवर बॉडीचा मायनस. मशीन तिथून वीज घेतं. भाऊ तिथूनच उलटी देतात. मोठी बॅटरी सुटली तरी गाडीला तिची आठवण सांभाळण्यापुरता पुरवठा चालू राहतो. हे सामान बाजारात तयार मिळतं. भाऊंनी घरी जोडलंय, आणि प्रत्येक गाडीत लावण्याआधी पिना मीटरने तपासतात.

क्रम महत्त्वाचा. ड्रायव्हरच्या बाजूची काच आधी खाली, म्हणजे दार बंद ठेवून हात आत घालता येतो. किल्ली सिस्टरच्या हातात, गाडीबाहेर. आतला दिवा बंद. मग दोन्ही टर्मिनलचे नट सैल करायचे, पण क्लॅम्प उचलायचे नाहीत. प्लग सगळ्यात शेवटी. "रिकामी बॅटरी भुकेली असते," भाऊ पोराला सांगतात. "जास्त वेळ जोडून ठेवलीस तर छोटीलाच खाऊन टाकेल. फ्यूजही जाईल."

प्लग बसतो. मायनसचा क्लॅम्प वर. मग प्लस. आणि प्लस सुटताक्षणी पोरगा त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवतो. एरवी मायनस काढला की प्लस बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. इथे पडेल. छोटी बॅटरी आतून जोडलेली आहे, म्हणजे मोकळ्या दिसणाऱ्या त्या क्लॅम्पमध्ये अजून वीज आहे. तो पत्र्याला नुसता टेकला तरी फ्यूज उडणार आणि आठवण जाणार. गाडीत बॅटरी नाही म्हणजे वीज नाही, असं ज्याला वाटतं त्याची चूक नेमकी इथे होते. पोरगा ट्यूबवर रबराचा आणखी एक वेढा घालतो. भाऊ काही बोलत नाहीत, पण त्याच्या हाताकडे बघत राहतात.

क्लॅम्पवर पांढरट हिरवा थर. गरम पाण्यात खायचा सोडा, जुना दात घासायचा ब्रश. फेस येतो, खाली पितळी रंग दिसतो. कोरडं पुसून नवी बॅटरी खाली, पट्टी घट्ट. आता आधी प्लस, मग मायनस. वरून पेट्रोलियम जेलीचं बोट. सगळ्यात शेवटी आतला प्लग निघतो. छोट्या बॅटरीवर सेल्फ मारायचा नाही. सेल्फला शंभर-दीडशे ॲम्पिअर लागतात, फ्यूज पाचचा आहे.

सिस्टर किल्ली फिरवतात. पहिल्या झटक्यात चालू. घड्याळ बारा वाजून सोळा दाखवतं, तेवढेच वाजलेत. टेप लागतो. काच एका बोटात वर. चालू इंजिनवर मीटर १४.१. अल्टरनेटर चांगला आहे, म्हणजे नवी बॅटरी वाया जाणार नाही.

४,२०० वजा जुनीचे ७००. येण्याजाण्याचे १५०. त्या छोट्या डब्याचा पैसा नाही.

"त्याचे घ्या की काही," सिस्टर म्हणतात.

"काही बिघडलं नाही त्याचे पैसे काय घ्यायचे?" भाऊ म्हणतात.

मला हे पटत नाही. बिघडू दिलं नाही, हेच तर काम होतं.

१:४५. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. जेवणाआधी दोघं कोपरापर्यंत साबणाने हात धुतात. शिसं नखात राहतं. पोराच्या शर्टाला पोटापाशी बारीक भोकं आहेत. ती ॲसिडची.

२:३०. वीज जाते. चार्जर थांबतात. पोरगा फळीखाली आडवा होतो.

३:५०. वीज आली, टँकरही आला. गावांना पाणी वाटणारा. धरणांच्या या तालुक्यात मे महिन्यात पाड्यांवर टँकर फिरतात. याला दोन बॅटऱ्या, एकामागे एक जोडलेल्या, चोवीस व्होल्ट. जुनं मॉडेल आहे, जपायला घड्याळही नाही. टर्मिनल घासून, डिस्टिल वॉटर भरून वीस मिनिटांत मोकळा. साठ रुपये. ड्रायव्हर म्हणतो, "ठेकेदाराचं बिल निघालं की." भाऊ वहीत लिहितात. त्या पानावर आधीच बरंच लिहिलेलं आहे.

५:३०. जुन्या बॅटऱ्या न्यायला कंपनीच्या वितरकाचा टेम्पो. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी नोंदणी असलेल्या साखळीतूनच परत जायला हवी. दुपारी येणारा भंगारवाला किलोमागे पाच रुपये जास्त देतो. पण तो ॲसिड ओढ्यात ओततो आणि मग बॅटरी फोडतो. भाऊ त्याला देत नाहीत. तो ओढा खाली नदीला मिळतो.

७:४५. हिशेब. दोन बॅटऱ्यांवर सुटलेले ९००. फेरीचे १५०. तीन चार्जिंगचे ३००. टँकरचे साठ वहीत, हातात नाहीत. म्हणजे १,३५०. त्यातून पोराचे ३५०, पेट्रोल १००, गाळ्याचं रोजचं भाडं १५०, चहा ६०. उरले ६९०. लाइट बिल महिन्याचं, ते यात धरलेलं नाही. जेवणाचा डबा घरून येतो, तोही नाही.

शेवटी भाऊ छोटी बॅटरी चार्जरला लावतात. ही रोज रात्री भरलेली असली पाहिजे.

गाडीची बॅटरी बदलायला जाल तेव्हा टेपचा कोड पुस्तिकेत आहे का ते आधी बघा, आणि मायनस सुटण्याआधी मेकॅनिकला विचारा, आठवण टिकवायची सोय आहे का. असेल, तर त्या दहा मिनिटांचे पन्नास-शंभर रुपये वेगळे द्या. तो मागणार नाही.