चीनमधील करार-बंदरे आणि ब्रिटिश युद्धनौका

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला, ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी लाकडातून बांधली गेली होती. या तहाने कॅन्टन, अमॉय, फूचौ, निंगपो व शांघाय ही पाच बंदरे इंग्रज व्यापारास खुली झाली. मात्र त्यांच्या नाविक संरक्षणाचा आधार १८४३ च्या पूरक तहात शोधावा लागतो. प्रत्येक बंदरात एक ब्रिटिश युद्धनौका राहील, असे त्यात ठरले. हेतू सांगितला तो इंग्रज खलाशांना शिस्त लावण्याचा व वाणिज्यदूताच्या अधिकारास पाठबळ देण्याचा. म्हणजे कागदोपत्री हा पहारा स्वकीयांवर होता!

व्यवहारात तोफांचा रोख बदलला. मार्च १८४८ मध्ये शांघायजवळ छिंगपू येथे बेकार नावाड्यांनी तीन इंग्रज मिशनऱ्यांना मारहाण केली. वाणिज्यदूत रदरफोर्ड अल्कॉक यांनी गुन्हेगारांना शिक्षा होईपर्यंत जकातीचा भरणा थांबविला आणि पेकिंगकडे सरकारी धान्य नेणारी शेकडो गलबते ‘चिल्डर्स’ या एका लहानशा युद्धनौकेच्या धाकाने रोखून धरली. दुसरी नौका नानकिंगला धाडली. अखेर आरोपी पकडले गेले व त्यांना शिक्षा झाली. येथे तोफांच्या संख्येपेक्षा जागा निर्णायक ठरली, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. कारण राजधानीचे धान्य याच नदीमुखातून जात होते.

१८५८ च्या तिएनत्सिन तहाने तर शत्रुत्वाचा हेतू नसलेल्या वा चाच्यांच्या पाठलागावरील ब्रिटिश युद्धनौकांना चीनची सर्व बंदरे मोकळी केली.