पाळी थांबली तरी सावध असावे

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेऊन निपाणी-बेळगावकडील आपल्या भगिनी मिरजेहून किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयातून परततात, तेव्हा जखमेची चौकशी सारे करतात. पाळीची कोणी करीत नाही. सासूलाही सांगायची लाज वाटते. म्हणून आम्ही येथे स्पष्ट लिहितो.

केमोथेरपीच्या औषधांचा मार अंडाशयांवर बसतो. पाळी मागेपुढे होते किंवा बंद पडते. चाळिशीच्या आतल्या बाईची ती बहुधा काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी परत येते. चाळिशी उलटलेलीची पुष्कळदा येत नाही. मग अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते. तंबाखूच्या वखारीत उकाड्यात बसणारीला हे फार जड जाते.

पण पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असे धरू नये. टॅमॉक्सिफेनची गोळी रोज पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्यावी लागते. ती चालू असता गर्भ राहिला तर बाळाला इजा होऊ शकते. पाळीच ठिकाणावर नसल्याने दिवस मोजण्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि पाळणा लांबवण्याच्या हार्मोनच्या गोळ्या या रोगात चालत नाहीत. तेव्हा नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावे. एकटीवर टाकू नये.

पाळी आणण्यासाठी काढे घेऊ नयेत; गोळी आपल्या मनाने सोडू नये. पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर सुगी संपायची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. या गोळीने क्वचित गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होतो, आणि लवकर कळला तर तो बरा करता येतो.